तिन्ही गोया वर गयात, छाती मात्र जागेवरच : एका डिकॉर्टिकेशनच्या पेशंटचे नऊ आठवडे

मी अमळनेरला फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. गुडघे, कंबर, फ्रोझन शोल्डर, लकवा हेच रोजचं काम. फुप्फुसाच्या ऑपरेशनचे पेशंट वर्षाला मोजून दोन-तीन येतात, कारण ऑपरेशन होतं मुंबई-नाशिक-पुण्याला आणि तिथून घरी आल्यावर पुढे कोणाकडे जायचं हे कोणी सांगतच नाही. हा पेशंट पण असाच आला आणि याच्या बाबतीत माझंही एक चुकलं, ते पण लिहिते, कारण माझ्या मते या केसमधलं शिकण्यासारखं सगळं त्या चुकीतच आहे.

पेशंट ५४ वर्षांचे शेतकरी, चोपड्याकडच्या रस्त्यावरचं एक गाव, कापूस आणि दादर म्हणजे रब्बी ज्वारी अशी शेती. घरात सगळे आबा म्हणतात म्हणून मी पण आबाच म्हणायचे. दिवाळीच्या आसपास खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलं. आधी निमोनिया म्हणून इंजेक्शनं झाली, मग एक्सरेत उजव्या बाजूला पाणी दिसलं, पाणी काढलं तर पू निघाला, तपासणीत टीबी आला. नोव्हेंबरच्या शेवटी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, दोनदा नळी टाकली पण फुप्फुस काही फुगेना. सीटी केला तेव्हा कळलं की फुप्फुसाभोवती जाड साल तयार झालीय. पू बरेच दिवस साचून राहिला की असं होतं, फुप्फुस आत जिवंत असतं पण त्या सालीच्या पिशवीत आवळून बसलेलं असतं, हवा ओढली तरी त्याला पसरायला जागाच नाही. मग मुंबईला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डिकॉर्टिकेशन झालं, म्हणजे छाती उघडून ती साल सोलून काढली. योजनेत बसलं म्हणून पैशाचा प्रश्न सुटला. दोन नळ्या होत्या, दुसरी आठव्या दिवशी काढली, नवव्या दिवशी डिस्चार्ज. कार्डावर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, छातीचे व्यायाम चालू ठेवणे. कोणते, किती, कसे, काही नाही, सोबत एक तीन गोळे असलेलं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं यंत्र दिलेलं.

माझ्याकडे आले तेव्हा ऑपरेशनला १९ दिवस झाले होते. मुलाने बाईकवर मध्ये बसवून आणलं, मागे काकांचा मुलगा धरून. मी आधी थुंकीचा रिपोर्ट मागितला, तो निगेटिव्ह होता, गोळ्या चालू होऊन तीन महिने झालेले, तरी खोकून कफ काढायचं काम मी क्लिनिकमध्ये करत नाही, मागच्या बोळात मोकळ्या हवेत करते. ज्यांच्याकडे बंद एसी रूम आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आबा आत आले तेच उजवीकडे झुकून. उजवा खांदा खाली, हात पोटाशी धरलेला, मान पुढे. वजन ४७ किलो. बसल्याजागी श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९५. मी मागे उभी राहून दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर ठेवले, अंगठे मणक्यापाशी एकमेकांना टेकवले आणि म्हटलं, आबा, खोल श्वास घ्या. डावा अंगठा सरकला, उजवा जागचा हलला नाही. टेप लावून मोजलं तर छातीचा फुगवटा जेमतेम दीड सेंटीमीटर, धडधाकट माणसात तो तीन ते पाच किंवा जास्त येतो. उजवा हात समोरून वर नेला तर ९० अंशाला अडकला. सहा मिनिटं चालण्याची टेस्ट माझ्याकडे नीट होत नाही, तिला ३० मीटरचा कॉरिडॉर लागतो, मी बोळात १५ मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारून ठेवल्यात आणि त्यामुळे वळणं जास्त होतात, म्हणून माझे आकडे पेशंटने स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघायचे, पुस्तकाशी नाही. तर आबा २२५ मीटर चालले, मध्ये दोनदा थांबले, शेवटी ऑक्सिजन ९१. दम किती लागला हे शून्य ते दहामध्ये विचारलं तर म्हणाले, दम लागस व ताई, आकडा काय सांगू. शेवटी पाच ठरलं.

मग मी म्हटलं, ते स्पायरोमीटर कसं करता दाखवा. पिशवीतून काढलं, पुसलं, नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून जोरात फुंकलं. गोळे ढिम्म. मुलगा म्हणे, दहा दिवस झाले मॅडम, रोज फुंकतात, एक पण गोळा वर जात नाही, मशीन खराब दिलंय का. आबांचं म्हणणं वेगळंच, ताई, हाई काय पोरेस्नं खेळनं शे का. मी हसले नाही कारण दर दुसरा पेशंट फुंकतोच, बासरीपासून चुलीच्या फुंकणीपर्यंत नळी म्हटली की फुंकायची असंच आपल्याला माहीत. हे यंत्र ओढायचं असतं. स्ट्रॉने ऊसाचा रस ओढतो तसं.

हे सांगितल्यावर पुढच्या खेपेला आबा खुशीत आले. दखा ताई, तिन्ही गोया वर गयात! खरंच गेले, एक झटका मारला, तिन्ही गोळे टकटक वर आपटले आणि अर्ध्या सेकंदात खाली. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ, खांदे कानापर्यंत. आणि मी हात ठेवला होता ती उजवी बरगडी? जागेवर.

इथे जरा थांबून सांगते, कारण घरोघरी हीच चूक आहे. त्या यंत्रावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. लोकांना वाटतं तेवढी हवा आत गेली. तसं नाही, ते सीसी प्रति सेकंद आहेत, म्हणजे वेग आहे. १२०० च्या वेगाने अर्धा सेकंद ओढलं तर आत गेले ६०० सीसी. पहिला एकच गोळा वर नेला आणि तीन सेकंद तिथेच तरंगत ठेवला तर आत गेले १८०० सीसी. तिप्पट. शिवाय झटक्याने ओढलेली हवा जिथे वाट मोकळी आहे तिथे जाते, म्हणजे डावीकडे आणि वरच्या भागात, आपल्याला हवीय उजवीकडे खाली, जिथली हवेची पिटुकली घरं इतके महिने मिटून पडलीत, त्यांना उघडायला वेळ द्यावा लागतो. म्हणून सावकाश ओढा, वर धरून ठेवा, तीन मोजा, सोडा. आबांना सांगितलं की आता एकच गोळा, बाकीचे दोन हलले तर तो श्वास मोजायचा नाही. त्यांना ते अपमानास्पद वाटलं. तिनावरून एकावर आणलं ना, एसटीत कंडक्टरने पुढच्या सीटवरून उठवून मागे बसवावं तसा चेहरा.

बाकीचं नेहमीचं शिकवलं. उपरणं खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळून टोकं समोर उलटसुलट धरायची, श्वास सोडताना हलकं आवळायचं, घेताना उपरण्याला बरगडीने ढकलायचं, म्हणजे कुठे फुगवायचंय ते अंगाला कळतं. कफ काढायला खोकण्याआधी हफ, म्हणजे तोंड मोठं उघडून हाऽऽ करून हवा सोडायची, चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तशी. तीन-चार खोल श्वास, मग जरा साधा श्वास, मग दोन हफ, मग परत साधा श्वास, असं चक्र. खोकला आलाच तर उशी टाक्यावर दाबून धरायची. खांद्यासाठी भिंतीवर बोटं चढवत नेणं. छाती उघडताना पाठीचे आणि बगलेखालचे स्नायू कापले जातात, त्यात पेशंट दुखतं म्हणून हात पोटाशी धरून ठेवतो आणि महिन्या-दीड महिन्यात खांदा जाम. मग फुप्फुस बरं होतं पण माणसाला सदरा घालता येत नाही.

आठवड्याला दोन खेपा, तीन आठवडे. होळी झाली. मी परत मोजलं. चालणं २४० मीटर. फुगवटा दोन सेंटीमीटरला पण टेकेना. हात ९५ वर. तीन आठवड्यात १५ मीटर म्हणजे काहीच नाही हो, तेवढा फरक तर मूडने पडतो. क्लिनिकमध्ये माझ्यासमोर आबा सगळं बरोबर करायचे, एकच गोळा, तीन सेकंद, शिस्तीत. मी विचारायचे, घरी करता ना? हो. गोळ्या घेताय ना वेळेवर? हो ताई, एक बी चुकाडेल नई. मला वाटायला लागलं की आत परत पाणी साचलं की काय, चेस्ट फिजिशियनकडे एक्सरे करून घेतला तर तसं काही नव्हतं, खाली कोपरा बुजलेला होता आणि बरगड्या एकमेकींजवळ आलेल्या, ते आधीचंच होतं. म्हणजे जागा आहे, फुप्फुस सुटलेलं आहे, आणि तरी पसरत नाहीये.

हे जर असंच राहिलं तर धोका असतो. सोलून मोकळं केलेलं फुप्फुस त्या पोकळीत पसरून छातीच्या भिंतीला लागलं पाहिजे, नाही लागलं तर रिकाम्या जागेत परत पाणी धरतं, बरगड्या आणखी आवळतात आणि एवढं मोठं ऑपरेशन अर्धं वाया.

शेवटी एका मंगळवारी दुपारी ॲक्टिव्हा काढून त्यांच्या घरी गेले, न सांगता. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. वेळ नव्हता वगैरे काही नाही, सुचलंच नाही, पेशंट क्लिनिकला येतोय ना मग झालं, एवढाच विचार.

ओसरीत बाज. जुनी, नवार ढिली पडलेली, मध्ये झोळी झालेली. त्या झोळीत आबा. अक्षरशः त्या झोळीत, गुडघे वर, हनुवटी छातीला लागलेली, उजव्या कुशीकडे कललेले, वरून गोधडी, मार्चमध्ये. हाताच्या अंतरावर तांब्या, राखेचं डबडं, रिमोट, मोबाईल. मावशी, म्हणजे आबांच्या घरच्या, म्हणाल्या, यांना मी काहीच करू देत नाही ताई, पाणी पण हातात देते, एवढं मोठं ऑपरेशन झालंय. न्हाणीत स्टूल, संडासला खुर्चीचा कमोड मुलाने जळगावहून आणलेला. मी मुलाला विचारलं, दिवसभरात आबा किती चालतात, तो विचार करून म्हणाला, मॅडम तुमच्याकडे येतात ना तेवढंच. बाजेपासून मोरीपर्यंत मी पावलं मोजली, २२. दिवसातून चार-पाच वेळा.

म्हणजे बघा, क्लिनिकमधली चाळीस मिनिटं आठवड्यातून दोनदा, आणि बाकी सगळा वेळ तो माणूस पोटाची आणि छातीची घडी घालून पडलेला. आडवं पडलं की पोट छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं, फुप्फुसात उरणारी हवा कमी होते, त्यात झोळीत वाकून पडलं आणि ऑपरेशनची बाजू खाली दाबली तर त्या बाजूला पसरायला कुठून मिळणार? २०१९ साली फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर लवकर बरं होण्यासाठी युरोपातल्या छातीच्या सर्जन लोकांच्या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पहिल्या २४ तासांत पेशंटला उठवून हालचाल सुरू करा असं आहे, नळ्या असल्या तरी. नळीला जोडलेली बाटली छातीच्या खाली धरून चालायचं असतं. आणि आपल्याकडे सहा आठवडे झाले तरी माणूस पाण्याच्या तांब्यासाठी उठत नाही, आणि हे दुर्लक्षाने नाही, मायेने. त्या मावशींवर चिडायचं तरी कसं.

दुसरी गोष्ट अजून खाली सापडली. मी म्हटलं गोळ्या दाखवा. टीबीची पट्टी आली, बरोबर चालू. मग दुखण्याच्या? आबा गप्प. मावशींनी देव्हाऱ्याच्या फळीखालून डिस्चार्जच्या वेळची पिशवी काढली, १५ च्या पट्टीतल्या १२ गोळ्या तशाच. गरम पडतात, किडनीला लागतात असं कोणीतरी मुंबईच्या वॉर्डातच सांगितलेलं. मी तीन आठवडे विचारत होते गोळ्या घेताय ना आणि आबांच्या डोक्यात गोळ्या म्हणजे टीबीच्या. खोटं ते कधीच बोलले नव्हते. आमच्याकडे तर यंत्रातले गोळे पण गोया, टीबीच्या गोळ्या पण गोया आणि दुखण्याच्या गोळ्या पण गोया, एका शब्दात तीन गोष्टी आणि मी एकीचंच उत्तर ऐकत राहिले. त्या दिवसापासून मी गोळ्या घेता का असं विचारत नाही, पट्टी आणून दाखवा म्हणते.

दुखणं कुठे होतं ते पण तेव्हा नीट विचारलं. टाक्यावर नाही, टाक्याच्या रेषेपासून पुढे स्तनाखाली येणारी आग, मिरची चोळल्यासारखी, सदरा घासला तरी. दोन बरगड्या फाकवून आत जातात ना, बरगडीच्या खालून जी नस पुढे येते ती चेपते, तिची ही जळजळ, काही लोकांना महिनोन् महिने राहते. खोल श्वास घेतला की बरगडी हलते, बरगडी हलली की आग, मग अंग आपोआप ती बाजू हलवायचीच बंद करतं. माझा उजवा अंगठा जागेवर का राहत होता त्याचं अर्धं उत्तर हे. औषध मी लिहीत नाही, ते माझं काम नाही आणि टीबीच्या गोळ्यांनी लिव्हरवर आधीच भार असतो त्यामुळे मेडिकलवरून मनाने काही घेऊ नका असं बजावलं, त्यांच्या फिजिशियनना तिथूनच फोन लावला. त्यांनी दुखण्याची गोळी ठरवून दिली, नसेच्या आगीसाठी रात्रीची एक वेगळी दिली, आणि आम्ही वेळ अशी बसवली की व्यायाम गोळीनंतर अर्धा-पाऊण तासाने.

मग बाज. बाज कसाले काढी राहिनी व ताई, म्हणून आबा चांगलेच रागावले, ती त्यांच्या वडिलांची बाज. काढली नाही, मुलाने आणि शेजाऱ्याने मिळून नवार आवळली, खाटेसारखी ताठ केली, आणि दिवसा तिच्यावर बसायचं नाही, फक्त रात्री झोपायचं. दिवसा हाताची प्लास्टिक खुर्ची, कमरेमागे उशी. रात्री डाव्या कुशीवर, उजवा हात समोरच्या उशीवर, म्हणजे ऑपरेशनची बाजू वर राहते, पसरायला मोकळी. (आख्खं फुप्फुस काढलेल्या पेशंटला कुशीचे नियम वेगळे असतात, तिथे सर्जनला विचारल्याशिवाय हे करू नका.) तांब्या मी स्वतः उचलून चुलीजवळच्या माठापाशी नेऊन ठेवला. मावशींना एकच काम दिलं, पाणी द्यायचं नाही.

व्यायामाला तास-मिनिटं सांगून उपयोग नसतो, घड्याळ कोण बघतं. टीव्हीवर जाहिराती लागल्या की पाच श्वास, एवढंच ठरवलं. मालिका बघायचा शौक असल्याने दिवसाला पन्नास-साठ श्वास सहज व्हायला लागले. चालायला रस्त्यावरचे लाईटचे पोल. पहिल्या दिवशी दोन पोल जाऊन परत, दर तिसऱ्या दिवशी एक पोल वाढवायचा, आणि नियम असा की चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, शब्द तुटायला लागले तर हळू, पण थांबायचं नाही. पाडव्यापासून ऊन असं तापलं की सकाळी साडेपाचलाच निघायला लागायचं. त्यात गावात दादरची मळणी चाललेली, भूस उडत होतं, म्हणून खळ्याकडचा रस्ता बंद, मारुतीकडचा चालू. आबांना खरं तर खळ्यावरच जायचं होतं, दादर किती निघाली ते बघायला. मुलाने पोत्यांचा फोटो दाखवला तेव्हा गप्प बसले.

आणि भिंत. ही कल्पना माझी नाही, सहा वर्षांच्या नातीची. आबा ओसरीच्या भिंतीवर बोटं चढवत न्यायचे, जिथे हात अडकेल तिथे तिने गेरूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी परत. मी पुढच्या आठवड्यात गेले तर पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर तांबड्या रेघांची शिडी, प्रत्येक रेघेपाशी तिच्या शाळेतल्या अक्षरात वार लिहिलेला, सोमवारची रेघ रविवारच्या खाली गेलेली तर तिथे फुली आणि शेजारी रडका चेहरा. माझ्या गोनिओमीटरला, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीला, जे जमलं नाही ते त्या गेरूने केलं, आबा रोज कालच्या रेघेच्या वर जाण्यासाठी टाचा उचलायचे आणि ती ओरडायची, टाच खाली! दोन बोटं वर गेली की जिना चढल्याचा आनंद. आरशावर हाऽऽ करून वाफ धरायची आणि त्यात बोटाने नाव लिहायचं हा पण तिचाच खेळ, त्यात आबांचा हफ असा सुधारला की सकाळचा दोन चमचे कफ चार आठवड्यांत जवळपास बंद झाला.

मध्ये विघ्नं आलीच. एकदा पहाटे पाचला मुलाचा व्हॉट्सॲप, ऑक्सिमीटरचा फोटो, ८४. घरात रडारड, गाडी सांगून झाली. मी फोनवर विचारलं, आबा बोलतायत का, ओठ कसे आहेत, दम किती. आबा मागून शिव्या देत होते म्हणजे श्वास होता. हात नुकतेच गार पाण्याने धुतलेले. हात चोळून गरम करा, दुसरं बोट लावा, एक मिनिट आकडा स्थिर होऊ द्या, आणि मशीनवरचा नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळतो का बघा. ९५ आला. पण खरंच दम असता, ताप असता, थुंकीत रक्त असतं, टाक्याजवळ कातडीखाली दाबल्यावर चरचर वाजलं असतं किंवा एका पायाची पोटरी सुजली असती तर मी एक मिनिट पण फोनवर घालवलं नसतं, सरळ दवाखाना.

दुसरं विघ्न मेहुण्याचं. त्याने फुग्यांचं पाकीट आणलं आणि कपालभातीचा व्हिडिओ. आबांनी उत्साहात पन्नास झटके मारले, संध्याकाळी बाजू धरून बसले. फुग्यावर मी भांडत नाही, काही सर्जन स्वतः सांगतात, त्यांनी सांगितलं असेल तर करा, पण ती फुंकर आहे, आपलं काम ओढण्याचं आहे हे विसरू नका. कपालभाती मात्र अडीच-तीन महिने तरी नको, पोटाचे झटके आणि ताजी छाती जुळत नाहीत. अनुलोम-विलोम करा, श्वास कोंडून न धरता, त्याला हरकत नाही. जेवणाचं पण मावशींनी उलटं केलेलं, अंडी बंद आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी बंद, मऊ भात चालू. टीबी आणि ऑपरेशन दोन्हीने खाल्लेलं शरीर भातावर कसं भरणार. अंडी, डाळ, शेंगदाणे, भाकरी परत आणली, ठेचा तेवढा काही दिवस कमी, ठसका लागतो म्हणून. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी सरकारचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात ते त्यांचे आलेच नव्हते, बँकेचं खातं जोडलेलं नव्हतं, ते मुलाने करून घेतलं.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी शेवटचं मोजमाप केलं, ऑपरेशनचा बारावा आठवडा. चालणं ४१० मीटर, न थांबता, शेवटी ऑक्सिजन ९४. दम तीन. बसल्याजागी श्वास १८. फुगवटा साडेतीन सेंटीमीटर. हात १६० अंश. वजन ५२. माझा उजवा अंगठा सरकला, डाव्याएवढा नाही पण सरकला. फिजिशियनकडच्या पीएफटीत, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीत, फुप्फुसाची क्षमता अपेक्षेच्या ६४ टक्के आली, ते याहून थोडं वाढेल, पूर्ण १०० होईल असं मी त्यांना कधीच म्हटलं नाही. स्तनाखालची आग कमी आहे, गेलेली नाही. उजवा खांदा आरशात अजून अर्धा इंच खाली दिसतो. खताची गोणी उचलायला अजून नाही म्हटलंय, त्यावरून नाराजी आहेच. घरी पोरी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, आबा खुर्चीवर बसून कोणाचा झोका किती उंच जातो त्यावर ओरडत होते, आणि ओरडताना वाक्य तुटत नव्हतं.

निघताना आबांनी स्पायरोमीटर पुसून पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. पारोळ्याला त्यांचा एक मावसभाऊ आहे, त्याच्या फुप्फुसात गाठ निघालीय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन, त्याला द्या म्हणे, नवीन कशाला घ्यायचं. मी नाही घेतलं, हे एकाचं दुसऱ्याने तोंडात धरायचं नसतं, टीबीच्या पेशंटचं तर अजिबातच नाही, आणि नवीन काही शेकड्यात मिळतं. पण भावाला आत्ताच पाठवा म्हटलं, ऑपरेशनच्या आधी. ओढायचं कसं, हफ कसा करायचा, उशी कुठे दाबायची हे छाती शाबूत असताना शिकलेलं बरं, नळ्या लागल्यावर कोण शिकतं, शिवाय आधी दोन-तीन आठवडे चालून दम वाढवला आणि बिडी सोडली तर नंतर सोपं जातं. आबा म्हणाले तो आयकस नई कोनंच. मग म्हणाले, मीच लई येस तेले, म्हणजे मीच घेऊन येतो त्याला. गुरुवारी येतायत दोघं, बाईकवर.